काट्याच्या पायथ्याशी

१९८२ साली अमेरिकेतील 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स' या नियतकालिकात आठ पानांचा एक लेख आला. त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली काही कृष्णधवल छायाचित्रे होती. त्यांत उंदराच्या मेंदूतील चेतापेशीची एक फांदी दिसते. फांदीच्या अंगाला एक कोंब फुटलेला आहे: मान बारीक, डोके फुगीर, पावसाळ्यात ओल्या लाकडावर उगवलेल्या अळंबीसारखा. या कोंबाला शास्त्रज्ञ काटा म्हणतात. त्याच्या डोक्यावर दुसऱ्या चेतापेशीचे टोक टेकलेले आहे, आणि हे टेकण्याचे ठिकाण म्हणजे सिनॅप्स. इथवर नवे काही नाही. पण काटा जिथे फांदीला जोडला आहे, नेमका तिथे, पायथ्याशी, चिमूटभर मोहरी सांडावी तसा काळ्या ठिपक्यांचा एक झुबका आहे.

ते ठिपके म्हणजे रायबोसोम. प्रत्येकाचा आकार सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा हिस्सा. पेशीतले प्रत्येक प्रथिन याच यंत्रावर घडते. लेख होता व्हर्जिनिया विद्यापीठातील ओसवाल्ड स्टुअर्ड आणि विल्यम लेव्ही यांचा, आणि त्यांचे म्हणणे एवढेच होते की हे झुबके फांदीत कुठेही विखुरलेले नाहीत, ते मुख्यतः काट्यांच्या पायथ्याशीच सापडतात. म्हणणे साधे, पण त्यामागचा प्रश्न फार मोठा होता. पेशीच्या राजधानीपासून इतक्या दूर, सीमेवरच्या एका चौकीशेजारी, प्रथिनांचा कारखाना काय करतो आहे?

हा प्रश्न का मोठा, हे कळायला चेतापेशीचा घाट डोळ्यांपुढे आणावा लागतो. शरीरातल्या बहुतेक पेशी आटोपशीर असतात. केंद्रकातून निघालेला आदेश क्षणात कुठल्याही कोपऱ्यात पोचतो. चेतापेशी तशी नाही. कमरेच्या मणक्यातून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो आणि तिचे मूळ शरीर मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. मेंदूतल्या पेशींचे धागे आखूड असले तरी त्यांच्या फांद्यांवर हजारो काटे असतात, आणि प्रत्येक काट्यावर वेगळी पेशी काहीतरी सांगत असते. त्यातले काही सिनॅप्स अनुभवाने बळकट होतात, काही सैलावतात, शेजारचे मात्र होते तसेच राहतात. शिकणे आणि आठवणे हे या फरकात आहे, असे आज आपण मानतो. बळकट होणे याचा अर्थ नवी प्रथिने येणे, सैलावणे याचा अर्थ असलेली जाणे. मग हजारो काट्यांपैकी नेमक्या त्या एकालाच ती मिळतात कशी?

शंभर वर्षे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते: प्रथिने मूळ शरीरात बनतात आणि तिथून पाठवली जातात. त्यामागे भक्कम पुरावा होता. १८८० च्या दशकात म्युनिकमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या फ्रान्झ निसल यांनी चेतापेशी रंगवण्याची एक पद्धत शोधली. तिच्यात पेशीच्या मूळ शरीरात गडद ढेकळे उठून दिसत. फांद्यांच्या बुंध्यातही ती थोडी दिसत, पुढे विरळ होत आणि लांब धाग्यात अजिबात नसत. ती ढेकळे म्हणजे रायबोसोमांनी लगडलेले पडद्यांचे थर, हे सॅनफर्ड पॅले आणि जॉर्ज पॅलेड यांनी १९५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. त्याआधी १९४८ साली पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी प्राण्यांच्या नसा मधेच आवळल्या. आवळलेल्या जागेच्या अलीकडे, पेशीशरीराच्या बाजूला, धागा फुगला. ओढ्याला बांध घातल्यावर पाणी ज्या बाजूला तुंबते त्या बाजूलाच प्रवाहाचे मूळ असते. माल मूळ शरीरातूनच येतो, हे सिद्ध झाले. गोष्ट खरीच होती आणि आजही खरी आहे. चूक एवढीच झाली की 'माल तिथून येतो' याचा अर्थ हळूहळू 'माल फक्त तिथूनच येतो' असा झाला.

आकडे मात्र कुरबुर करत होते. वाइस यांनी मोजलेला वेग दिवसाला एखाद-दोन मिलिमीटर इतकाच होता. दिवसाला एक मिलिमीटर धरला तर मीटरभर धाग्याच्या टोकाशी पोचायला हजार दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. प्रथिनांचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर आठवड्यांचे. पुढे दिवसाला ४०० मिलिमीटर धावणारी जलद वाहतूकही सापडली, पण तिच्यातून सगळ्याच प्रकारची प्रथिने जात नाहीत. शिवाय वेग कितीही असला तरी पत्त्याचा प्रश्न उरतोच.

स्टुअर्ड-लेव्हींच्या सतरा वर्षे आधी हा झुबका एका माणसाने पाहिला होता. त्याची कथा इथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

डेव्हिड बोडियन हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले. पोलिओचा विषाणू एक नसून त्याचे तीन प्रकार आहेत, हे ज्या संशोधकांनी पक्के केले त्यांत इझाबेल मॉर्गन आणि हॉवर्ड होव यांच्याबरोबर बोडियन होते. ते कळल्यावाचून साल्क यांची लस होणे शक्य नव्हते. पोलिओ मणक्यातील, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो, त्यामुळे बोडियन वर्षानुवर्षे माकडांच्या मणक्यातील त्या पेशी बघत होते. आजारी पेशी ओळखायची तर निरोगी पेशी आधी अंगवळणी पडावी लागते. १९६५ मध्ये त्यांनी एक छोटा निबंध छापला. निरोगी पेशीत, सिनॅप्सच्या लगत, रायबोसोमांचे पुंजके दिसतात, आणि या शेजाराला काही अर्थ असावा असे वाटते, असा त्याचा आशय होता. शीर्षकातही त्यांनी 'सूचक' हा सावध शब्दच वापरला होता.

त्याचे पुढे फारसे काही झाले नाही. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. सूक्ष्मदर्शकातल्या चित्रात शेकडो ठिपके असतात, आणि ज्याला जागा नाही ते ठिपके डोळा आपोआप गाळतो. काट्यांचेही असेच झाले होते. १८८८ मध्ये बार्सिलोनात सांतियागो रामोन इ काहाल यांनी कोंबडीच्या लहान मेंदूत ते पाहिले, त्यांना स्पॅनिशमध्ये 'एस्पिनास' म्हणजे काटे असे नाव दिले, आणि समकालीनांनी ते चांदी वापरून रंगवताना पडलेले डाग ठरवले. ते खरे आहेत हे दाखवायला काहाल यांना आठ वर्षांनी मिथिलिन ब्लू हा वेगळा रंग वापरावा लागला. त्यांच्या डोक्यावर सिनॅप्स असतो हे एडवर्ड ग्रे यांनी दाखवले ते तर १९५९ साली.

बोडियन ठिपके मोजत होते त्याच काळात प्रथिनांच्या प्रश्नाकडे दुसऱ्याच दाराने माणसे येत होती. फिलाडेल्फियात जोसेफा आणि लुई फ्लेक्सनर या दांपत्याने, एलियट स्टेलर यांच्याबरोबर, १९६३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या चक्रव्यूहात उंदरांना योग्य वाट शिकवायची. चुकले तर पायाला विजेचा हलका झटका. धडा पक्का झाला की मेंदूत प्युरोमायसिन टोचायचे. हे औषध रायबोसोमवर बनत असलेल्या प्रथिनाच्या साखळीला स्वतः जाऊन चिकटते आणि ती साखळी अर्धवटच गळून पडते. औषध टोचल्यावर उंदीर वाट विसरले. आठवण टिकायला नवी प्रथिने लागतात, असा त्याचा अर्थ काढला गेला. मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अ‍ॅग्रनॉफ यांना सोनेरी माशांमध्येही असेच दिसले.

पण फ्लेक्सनर यांचा मोठेपणा पुढच्या पावलात आहे. चार वर्षांनी त्यांनीच दाखवले की 'विसरलेल्या' उंदरांच्या मेंदूत साधे मिठाचे पाणी सोडले तर आठवण परत येते! म्हणजे ती पुसली गेलीच नव्हती; काहीतरी तिच्या आड आले होते. संशय गेला त्या अर्धवट गळालेल्या, शेपटीला प्युरोमायसिन चिकटलेल्या तुकड्यांवर. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच छेद देणारा प्रयोग छापायला जो प्रामाणिकपणा लागतो, तो विज्ञानाच्या इतिहासातही रोज भेटत नाही. त्या तुकड्यांना वाचकाने लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहेत.

तोवर आठवणीला हात लावून बघता येईल असे काही नव्हते. ते मिळाले ऑस्लोमध्ये. पेर अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटसाठी काम करणारे तेर्ये लोमो १९६६ मध्ये सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातल्या एका चेतामार्गाला विजेचे भराभर ठोके देत होते. त्यांचा मूळ विषय दुसराच होता. ठोक्यांची एक फैर संपल्यावर त्याच मार्गाचा प्रतिसाद वाढला, आणि वाढलेलाच राहिला. पुढे लंडनहून टिम ब्लिस येऊन त्यांना मिळाले आणि १९७३ मध्ये दोघांचा सविस्तर लेख आला. सिनॅप्सचे हे दीर्घकाळ टिकणारे बळकटीकरण म्हणजे आज जगभर एलटीपी या नावाने शिकवली जाणारी घटना. एका विद्यार्थ्याने मूळ विषय बाजूला पडला तरी चालेल पण हे नोंदवायचे, असे ठरवले नसते तर तिला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली असती.

एलटीपीत आणि प्रथिनांत गाठ मारली ती पूर्व जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराने. तिथल्या गटाने १९८४ मध्ये, आणि मग १९८८ मध्ये आणखी नेटकेपणाने, दाखवले की प्रथिननिर्मिती बंद केली तर सिनॅप्स सुरुवातीला बळकट होतो, पण काही तासांनी पूर्वपदावर येतो. बळकटी टिकवायची तर नवे प्रथिन हवेच.

त्याच १९८४ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी 'नेचर'मध्ये एक लहानसा लेख लिहिला. डीएनएची रचना शोधणारा हा माणूस तोवर मेंदूकडे वळला होता. त्यांचा प्रश्न लहान मुलाला पडावा इतका सरळ होता: मेंदूतील रेणू काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात आणि बदलले जातात, मग साठ वर्षांपूर्वीची आठवण राहते कशात? आजोबा शाळेतल्या पहिल्या दिवसाचे वर्णन करतात तेव्हा त्या दिवशीचा जवळजवळ एकही प्रथिनाचा रेणू त्यांच्या त्या सिनॅप्समध्ये उरलेला नसतो. वाड्याची प्रत्येक वीट बदलली आहे, तरी वाडा तोच आहे. हे जमायचे तर विटा बदलणारा गवंडी वाड्यातच राहत असला पाहिजे.

आता स्टुअर्ड यांच्या झुबक्याचे महत्त्व लक्षात येईल. ते मुळात दुखापतीनंतर मेंदू नवी जोडणी कशी करतो हे अभ्यासत होते, आणि नवे सिनॅप्स तयार होत असताना काट्यांजवळचे हे रायबोसोम वाढतात, हेही त्यांनी नोंदवले. पण यंत्र असणे आणि ते चालू असणे यांत फरक आहे. बंद गिरणीतही जाते असतेच. म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेने दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, चेतापेशी अशा बारीक छिद्रांच्या पडद्यावर वाढवल्या की फांद्या छिद्रांतून पलीकडे जाव्यात आणि मूळ शरीरे अलीकडे राहावीत. मग मूळ शरीरे खरवडून टाकली. तुटलेल्या फांद्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले, आणि त्यांनी ते घेऊन प्रथिने बनवली.

याच सुमारास फांद्यांत एमआरएनएही सापडू लागले. रायबोसोमला काय बनवायचे हे सांगणारी ही चिठ्ठी. बहुतेक चिठ्ठ्या मूळ शरीरातच राहतात, पण काही थेट फांद्यांत जातात, हे १९८८ मध्ये एमएपी२ या प्रथिनाच्या चिठ्ठीने दाखवले. म्हणजे लांबच्या घरी रोज शिजवलेले जेवण धाडण्याऐवजी शिधा आणि पाककृती तिथेच ठेवायची, पाहुणा दारात आला की चूल पेटवायची. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या कुणालाही यातले शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. यातली सर्वांत देखणी चिठ्ठी आर्क या प्रथिनाची. उंदराच्या हिप्पोकॅम्पसला येणारा एकच मार्ग उत्तेजित केला की केंद्रकात आर्कची नवी चिठ्ठी लिहिली जाते आणि ती फांद्यांच्या नेमक्या त्याच पट्ट्यात जाऊन थांबते जिथे तो मार्ग येऊन मिळतो. स्टुअर्ड, वर्ली आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या चित्रांत तो पट्टा काठी लावून आखल्यासारखा सरळ दिसतो.

१९९० च्या दशकाच्या मधल्या दोन वर्षांत तीन प्रयोग झाले आणि विषय पालटला.

पहिला पासाडेनातील कॅलटेकमध्ये. ह्येजिन कांग आणि एरिन शूमन यांनी हिप्पोकॅम्पसच्या जिवंत कापात बीडीएनएफ हे वाढीचे प्रथिन सोडले. सिनॅप्स बळकट झाले. प्रथिननिर्मिती रोखली तर लगेच फरक पडला, तासांनी नव्हे. मग त्यांनी सूक्ष्म पात्याने फांद्यांचा थर पेशीशरीरांच्या थरापासून कापून वेगळा केला. तरीही बळकटी आली, आणि तिला प्रथिननिर्मिती तरीही लागलीच. डोके धडावेगळे आणि हात काम करतो आहे. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले.

दुसरा न्यूयॉर्कमध्ये, एरिक कँडेल यांच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रयोगशाळेत. केल्सी मार्टिन यांनी अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीच्या पेशी निवडल्या. या पेशी इतक्या मोठ्या की काही डोळ्यांनाही दिसतात. त्यांनी बशीत एक संवेदी पेशी ठेवली, तिचा धागा दोन फाट्यांत विभागला जाईल अशी वाढवली, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकेक चालक पेशी ठेवली. एकच केंद्रक, दोन दूरचे सिनॅप्स. मग बारीक नळीने फक्त एका टोकावर सेरोटोनिनचे पाच फवारे. तो सिनॅप्स बळकट झाला आणि बळकटच राहिला, दुसरा तसाच. त्याच टोकावर प्रथिननिर्मिती थांबवणारे औषध सोडले तर बळकटी हुकली. पण केंद्रकही बाहेर नव्हते: त्याने जनुके चालू केल्याशिवाय काही टिकत नव्हते. आणि त्यापुढची गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. एका टोकाला पाच फवारे दिल्यावर दुसऱ्याला नुसता एक फवारा दिला, जो एरवी टिकाऊ काही करत नाही, तर आता त्या टोकालाही लांब पल्ल्याची बळकटी मिळाली. केंद्रक माल सगळीकडे पाठवत होते. ज्याने आपल्या दारावर खूण केली होती त्याने तो ठेवून घेतला.

तिसरा प्रयोग. मार्टिन यांचा लेख आला त्याच वर्षी, १९९७ मध्ये, माग्डेबुर्गचे फ्राय आणि एडिंबराचे रिचर्ड मॉरिस यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये स्वतंत्रपणे हेच पाहिले आणि त्याला 'खूण' असे नाव दिले. शंभर वर्षे जे प्रश्न 'केंद्र की सीमा' असे विचारले जात होते, त्यांचे उत्तर 'दोघेही, आणि त्यांच्यातला संवाद' असे निघाले. कँडेल यांच्याच प्रयोगशाळेत पुढे कौशिक सी यांनी क्रिक यांच्या कोड्यावर एक धाडसी उत्तर सुचवले: अ‍ॅप्लिसियाच्या सिनॅप्समधील सीपीईबी हे चिठ्ठ्या जाग्या करणारे प्रथिन प्रायॉनसारखे वागते, एकदा बदललेले रूप शेजारच्या रेणूला देते, आणि म्हणून रेणू बदलले तरी अवस्था टिकते. २००३ चा तो लेख.

आतापर्यंत सगळे बनवण्याबद्दल झाले. पण जमाखर्चाच्या वहीला खर्चाची बाजूही असते, आणि सिनॅप्सचा अभ्यास करणाऱ्यांनी ती फार उशिरा उघडली. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाचे एक छोटे प्रथिन शिक्क्यासारखे लागते आणि शिक्का लागलेला माल प्रोटिअ‍ॅसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात चिरला जातो. ही शिक्का-व्यवस्था शोधली हायफामधील टेक्निऑन संस्थेत अवराम हर्शको आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट करणारे आरोन सिकॅनोव्हर यांनी, फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्या साथीने. २००४ चे नोबेल तिघांना मिळाले. पुन्हा एक विद्यार्थी. अशोक हेगडे यांनी १९९० च्या दशकात दाखवले की अ‍ॅप्लिसियाची आठवण टिकायला एका आवर घालणाऱ्या प्रथिनाचे हे मोडणेच आवश्यक असते. म्हणजे लक्षात ठेवण्यासाठी काहीतरी तोडावे लागते! ड्यूक विद्यापीठाचे मायकल एलर्स यांनी २००३ मध्ये पाहिले की चेतापेशींची सक्रियता वाढवली किंवा थांबवली तर सिनॅप्समधील प्रथिनांचे संचच्या संच चढतात-उतरतात, आणि हा बदल याच शिक्का-व्यवस्थेतून होतो. तीन वर्षांनी बारिश बिंगोल आणि शूमन यांनी चमकणारे प्रोटिअ‍ॅसोम जिवंत पेशीत पाहिले: पेशी उत्तेजित झाली की ते फांदीतून काट्यांत शिरतात आणि तिथे रेंगाळतात. काट्याच्या पायथ्याशी कारखाना, काट्यात भंगारवाला.

हा हिशेब बिघडला तर काय होते, याचे उत्तर माणसांच्या घरांत मिळाले. फ्रॅजाइल एक्स हा आनुवंशिक विकार सुमारे ४००० ते ७००० मुलग्यांमागे एकाला होतो. बौद्धिक वाढ मंदावते, गोंगाट सहन होत नाही, नजर चुकवली जाते, अनेकांत स्वमग्नतेची लक्षणे दिसतात. एकाच कुटुंबातील अशा अनेक मुलग्यांचे वर्णन मार्टिन आणि बेल यांनी १९४३ मध्येच केले होते. जनुक सापडले १९९१ मध्ये. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा २०० हून जास्त वेळा पुन्हा पुन्हा आला की जनुक मिटते आणि एफएमआरपी हे प्रथिन बनत नाही. हे प्रथिन करते काय? ते चिठ्ठ्यांवर हात ठेवून बसते, वेळ येईपर्यंत त्या वाचू देत नाही.

ब्राऊन विद्यापीठात मार्क बेअर आणि किम ह्यूबर यांनी २००० मध्ये दाखवले होते की सिनॅप्स सैलावण्याच्या एका प्रकारालाही फांदीतच, काही मिनिटांत बनलेली प्रथिने लागतात. इथेही फांद्या कापून वेगळ्या केल्या तरी काम चाललेच. एफएमआरपी नसलेल्या उंदरांत हे सैलावणे त्यांना २००२ मध्ये जास्तच आढळले. झाकण गेलेले भांडे उतू जात होते. मग प्रथिननिर्मितीला चालना देणारा एमग्लूआर५ हा ग्राहक, म्हणजे पेशीच्या अंगावरचे संदेश झेलणारे प्रथिन, थोडा दाबला तर? बेअर यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या ग्युल डोलेन यांनी औषध न वापरता, संकरातून असे उंदीर तयार केले ज्यांत तो ग्राहक निम्माच होता. २००७ मध्ये निकाल आला: आकडीचे झटके कमी झाले, काट्यांची संख्या आणि प्रथिननिर्मिती मूळ पातळीवर आली. या विकारात वाढणारी वृषणे मात्र तशीच राहिली, तेही त्यांनी लिहिले.

आई-वडिलांच्या मनात तेव्हा काय आशा जागली असेल, याची कल्पना करता येते. मोठ्या औषध कंपन्या पुढे आल्या. माणसांवरच्या चाचण्या झाल्या आणि २०१४ च्या आसपास एकामागून एक निराशेने संपल्या. उंदरात जे सुधारले ते माणसांत ठरलेल्या मोजमापांवर दिसले नाही. याची कारणे शोधताना एक धागा बंगळुरूचा आहे. तिथले राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र ही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीच शाखा. सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत अपर्णा सुव्रथन यांनी त्याच प्रकारच्या उंदरांत हिप्पोकॅम्पस सोडून अमिग्डला बघितला, जिथे भीती आणि चिंता यांची घडण होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात चित्र वेगळे निघाले. इथे सिनॅप्स बळकट होण्यातच कमी पडत होते. ग्राहक दाबणारे औषध दिल्यावर काही दोष गेले, काही राहिले. एकच प्रथिन हरवले असताना मेंदूचा एक कोपरा एका दिशेने बिघडतो, दुसरा दुसऱ्या. मग सगळ्या मेंदूला एकच औषध कसे पुरेल?

दरम्यान चिठ्ठ्यांची मोजदाद खूप पुढे गेली. शूमन फ्रांकफुर्टच्या मॅक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत गेल्या होत्या. तिथे त्यांच्या गटाने २०१२ मध्ये हिप्पोकॅम्पसमधील फक्त फांद्यांचा थर वेगळा करून त्यातले एमआरएनए वाचले. एमएपी२ आणि आर्क हे अपवाद आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यासमोर २५५० चिठ्ठ्यांची यादी आली.

उरला होता तो लांब धागा, ज्यात निसल यांना काहीच दिसले नव्हते. पाठ्यपुस्तके सांगत की निदान तिथे तरी, प्रौढ मेंदूत, रायबोसोम नाहीत. २०१९ मध्ये शूमन यांच्याकडील आन-सोफी हाफनर आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूच्या ऊतीला फुगवून मोठे करणारी नवी तंत्रे वापरली आणि धाग्यांच्या टोकांत, सिनॅप्सच्या अलीकडल्या बाजूला, पाहिले. तीन चतुर्थांशाहून अधिक टोकांत रायबोसोम होते. पण १९८२ सारखाच प्रश्न आला: ते चालू आहेत का? त्यासाठी त्यांनी प्युरोमायसिन घेतले. ज्या औषधाने फ्लेक्सनर यांनी १९६३ मध्ये उंदरांना वाट विसरायला लावली होती, तेच. पण अगदी थोडे, आणि काही मिनिटांपुरते. त्या क्षणी घडत असलेल्या प्रत्येक साखळीला ते चिकटले आणि तिला शेपटीवर आपली खूण देऊन सोडून दिले. ज्या अर्धवट तुकड्यांनी जोसेफा आणि लुई फ्लेक्सनर यांना कोड्यात टाकले होते, ते तुकडे आता प्युरोमायसिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने चमकवले गेले, आणि धाग्याच्या टोकाटोकाशी ते दिसू लागले.